औषधाची चिठ्ठी आणि गणकयंत्र

रुग्णालयातील खाटेवर पडलेल्या माणसाच्या हाती सकाळी परिचारिका एक गोळी देते आणि तो ती घोटभर पाण्याबरोबर गिळून टाकतो. या साऱ्या क्रियेला अर्धे मिनिटही लागत नाही. परंतु ती गोळी त्याच्या तळहातावर येण्यापूर्वी किती हातांतून गेलेली असते याचा विचार त्याच्या मनात क्वचितच येतो. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिलेली असते, औषधालयातील फार्मासिस्टने ती वाचून, तपासून औषध काढून दिलेले असते आणि परिचारिकेने ते वेळेवर आणलेले असते. शतकानुशतके हे तीन हात पुरेसे होते. गेल्या साठ वर्षांत त्यांत चौथ्या हाताची भर पडली. हा चौथा हात रोग्याला कधीच दिसत नाही. त्याने औषधशास्त्राचा अभ्यास केलेला असतोच असे नाही आणि वॉर्डात त्याचे पाऊलही फारसे पडत नाही. तरीसुद्धा चिठ्ठीवरील प्रत्येक अक्षर आज त्याच्याच वाटेने जाते. हा हात म्हणजे रुग्णालयाचा संगणक विभाग होय. औषधालय आणि संगणक विभाग यांचे कधी जमले, कधी बिनसले, आणि त्या जमण्या-बिनसण्याचा भार अखेर खाटेवरील माणसावर कसा पडला, हा वैद्यकाच्या इतिहासातील एक उपेक्षित अध्याय आहे.

या अध्यायाचे मूळ मात्र फार जुने आहे. इ. स. १२४० च्या सुमारास सिसिलीचा राजा आणि पवित्र रोमन सम्राट दुसरा फ्रेडरिक याने वैद्य आणि औषधविक्रेता यांचे व्यवसाय कायद्याने वेगळे केले. वैद्याने औषधाचे दुकान चालवू नये, औषधविक्रेत्याशी भागीदारी करू नये, असा त्याचा दंडक होता. वैद्याने दुकानदाराशी संगनमत करून रोग्याला लुबाडू नये हा त्यातील उघड हेतू. परंतु या विभागणीतून एक अधिक मोलाची गोष्ट निष्पन्न झाली. चिठ्ठी लिहिणारा एक आणि ती वाचणारा दुसरा, अशी व्यवस्था एकदा रूढ झाली की पहिल्याची चूक दुसऱ्याच्या नजरेस पडण्याचा संभव निर्माण होतो. औषधनिर्मात्याचे खरे काम चिठ्ठीविषयी योग्य वेळी शंका घेणे हे आहे, ही जाणीव पुढे हळूहळू दृढ झाली. पणजी येथे पोर्तुगीज सरकारने १८४२ मध्ये वैद्यकीय विद्यालय काढले तेव्हा तेथे वैद्यकाच्या जोडीने औषधनिर्मितीचेही शिक्षण देण्यात येऊ लागले, त्यामागेही हीच परंपरा होती.

रुग्णालयाच्या चार भिंतींत औषधनिर्माता आला तो बराच उशिरा. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे टॉमस बाँड आणि बेंजामिन फ्रँक्लिन यांच्या प्रयत्नांनी १७५१ मध्ये पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटल स्थापन झाले. पुढच्याच वर्षी तेथे जोनाथन रॉबर्ट्स याची औषधनिर्माता म्हणून नेमणूक झाली, आणि त्या वसाहतींतील रुग्णालयाचा तो पहिला औषधनिर्माता ठरला. त्याच्या मागून त्या जागी आलेला जॉन मॉर्गन पुढे मोठा वैद्य झाला आणि चिठ्ठी लिहिणे व औषध बनविणे ही कामे वेगळ्या माणसांनीच करावीत, याचा त्याने आयुष्यभर आग्रह धरला.

तथापि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रुग्णालयातील औषधालयाचे स्वरूप एखाद्या कोठीघरासारखेच होते. औषधांच्या मोठ्या बाटल्या वॉर्डात पाठवून दिल्या म्हणजे त्यांचे काम संपले. त्या बाटल्यांतून गोळ्या मोजून काढणे, पातळ औषध मापून देणे, कोणाला काय दिले ते लिहून ठेवणे हे सारे परिचारिकेच्या शिरावर असे. तिच्या हातून चूक झालीच तर ती तिने स्वतः कागदावर लिहून वरिष्ठांना कळवावी, असा शिरस्ता होता. स्वतःची चूक स्वतःच कळवायची, तीही नोकरीची धास्ती बाळगून! साहजिकच अशा नोंदी फार थोड्या होत आणि त्या थोड्या आहेत यावरून रुग्णालयाचे चालक समाधान मानीत.

या समाधानाला पहिला धक्का दिला तो केनेथ बार्कर या अमेरिकन फार्मासिस्टने. बार्कर आणि त्याचे सहकारी मॅक्कॉनेल यांनी निरीक्षक म्हणून वॉर्डात उभे राहून परिचारिका औषध कसे देतात ते प्रत्यक्ष पाहिले आणि पाहिलेले मूळ चिठ्ठीशी ताडून बघितले. १९६२ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दर सहा मात्रांमागे सुमारे एक मात्रा या ना त्या प्रकारे चुकत होती. कागदावर नोंदल्या जाणाऱ्या चुका त्यांच्या पासंगालाही पुरत नव्हत्या. चूक कोणी कळविली यावरून तिची मोजदाद होत नाही, ती डोळ्यांनी पाहावी लागते, हा धडा त्या दोघांनी घालून दिला. तो पुढेही अनेकदा आठवावा लागणार होता.

या चुकांवर तोडगा म्हणून त्याच दशकात एक नवी पद्धत निघाली. बाटल्या वॉर्डात पाठविण्याऐवजी प्रत्येक रोग्याची प्रत्येक वेळची मात्रा औषधालयातच वेगळ्या पुडीत बांधावी, तिच्यावर नाव लिहावे आणि ती पुडीच वॉर्डात जावी, अशी ही योजना होती. आर्कान्सा आणि आयोवा येथील विद्यापीठांच्या रुग्णालयांत तिचे प्रयोग झाले आणि चुका बऱ्याच कमी झाल्या. मात्र या योजनेने औषधालयाचे काम कित्येक पटींनी वाढविले. पूर्वी आठवड्याला शंभर बाटल्यांचा हिशेब ठेवणाऱ्याला आता रोज हजारो पुड्यांचा हिशेब ठेवणे भाग पडले. कोणती पुडी कोणाची, कोणत्या वेळची, कोणती परत आली, कोणती बंद झाली हे कागदावर सांभाळणे माणसाच्या आवाक्याबाहेर जाऊ लागले. फार्मासिस्टची नजर गणकयंत्राकडे वळली ती अशी निकड म्हणून.

गणकयंत्र रुग्णालयात त्यापूर्वीच आले होते, पण ते बसले होते हिशेबनिसांच्या खोलीत. रोग्यांची बिले आणि नोकरांचे पगार ही त्याची कामे. ते चालविणारी मंडळी हिशेबखात्याची नोकर, आणि त्यांच्या दृष्टीने औषध म्हणजे बिलातील एक ओळ. अमुक औषध, अमुक नग, अमुक किंमत. फार्मासिस्टला हवे होते ते याहून निराळे. अमुक औषध अमुक माणसाला चालेल काय? काल सुरू केलेल्या औषधाशी त्याचे वैर तर नाही ना? त्याच्या मूत्रपिंडाला ते झेपेल काय? एकाच गोळीकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी होत्या आणि दोन्ही विभागांमध्ये पुढे जे जे वाद झाले त्यांचे बीज या दृष्टिभेदातच होते.

काही ठिकाणी हा भेद लवकर मिटला. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टॅन्ली कोहेन या डॉक्टरने सत्तरीच्या दशकाच्या आरंभी औषधालयातच गणकयंत्राची जोडणी केली. फार्मासिस्ट चिठ्ठी यंत्रात भरी, यंत्र ती रोग्याच्या इतर औषधांशी ताडून पाही आणि दोन औषधांचा विरोध आढळल्यास तत्काळ इशारा देई. कमी-अधिक धोक्याप्रमाणे या इशाऱ्यांची प्रतवारीही लावलेली होती. हाच कोहेन १९७३ मध्ये जनुके जोडण्याच्या प्रयोगामुळे जगप्रसिद्ध झाला आणि त्या कीर्तीच्या झगमगाटात त्याचे औषधालयातील काम झाकोळून गेले. त्याच प्रांतात माउंटन व्ह्यू येथील एल कमीनो रुग्णालयात लॉकहीड या क्षेपणास्त्रे बनविणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी तयार केलेली पद्धत १९७१ च्या सुमारास सुरू झाली. डॉक्टरांनी प्रकाशलेखणीने पडद्यावरील नावावर टेकवायचे आणि चिठ्ठी औषधालयात आपोआप उमटायची, अशी ती योजना. कित्येक डॉक्टरांनी प्रथम तिला कडाडून विरोध केला. नवे यंत्र आणताना ते वापरणाऱ्यांचे मन वळवावे लागते, ही साधी गोष्ट अभियंत्यांना तेथे प्रथमच शिकावी लागली.

परंतु या विषयातील सर्वांत उद्बोधक कथा घडली ती अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत. ही सुमारे १७० सरकारी रुग्णालये. त्यांचे गणकयंत्रविषयक सर्व अधिकार वॉशिंग्टन येथील एका मध्यवर्ती कार्यालयाच्या हाती होते. एखाद्या रुग्णालयाच्या औषधालयाला लेबले छापण्याची सोय हवी असली तरी अर्ज या कार्यालयाकडे जाई आणि वर्षानुवर्षे तेथेच पडून राही. १९७७-७८ मध्ये याच खात्याच्या वैद्यकीय शाखेत टेड ओनील आणि मार्टी जॉन्सन या दोघांनी एक वेगळा विचार मांडला. मोठे यंत्र राजधानीत ठेवण्याऐवजी लहान यंत्रे रुग्णालयातच ठेवावीत. प्रोग्राम लिहिणाराने फार्मासिस्टच्या, परिचारिकेच्या, डॉक्टरच्या शेजारी बसावे, आज लिहिलेले उद्या त्यांना दाखवावे, त्यांनी नाके मुरडली की परवा बदलावे. एका रुग्णालयात जमलेले दुसऱ्याला फुकट द्यावे. १९७८ च्या डिसेंबरात ओक्लाहोमा सिटी येथे या मंडळींची बैठक भरली आणि सर्वांनी एकाच संगणकभाषेत लिहावयाचे ठरले. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात जन्मलेल्या या भाषेचे नाव होते मम्प्स, म्हणजे गालगुंड! रुग्णालयात जन्मलेल्या भाषेला रोगाचे नाव मिळावे हा मौजेचा योग होता. तो रोग पसरलाही तितक्याच वेगाने.

मध्यवर्ती कार्यालयाला हे रुचणे शक्यच नव्हते. १९७९ मध्ये हा सारा उद्योग बंद करण्याचे हुकूम सुटले. यंत्रे काढून घेण्यात आली, माणसांना कामावरून दूर करण्यात आले. परंतु जी माणसे उरली त्यांनी गाजावाजा न करता आपापल्या रुग्णालयात काम चालूच ठेवले आणि एकमेकांना प्रोग्राम पाठविणेही थांबविले नाही. १९८१ मध्ये खात्याचे प्रमुख वैद्यकीय अधिकारी डोनाल्ड कस्टिस वॉशिंग्टनच्या रुग्णालयात आले, तेव्हा तेथे चालू असलेले काम पाहून ते चकित झाले आणि या जाळ्याला त्यांनी 'भूमिगत रेल्वे' म्हटले. यादवी युद्धापूर्वी गुलामांना गुप्तपणे मुक्त प्रदेशात पोहोचविणाऱ्या लोकांच्या साखळीला अमेरिकेत हे नाव होते. कार्यकर्त्यांनी ते अभिमानाने धारण केले. अखेर फेब्रुवारी १९८२ मध्ये खात्याचे प्रशासक रॉबर्ट निमो यांनी या पद्धतीला अधिकृत मान्यता दिली. त्यानंतर प्रत्येक रुग्णालयात प्रथम जे मोजके भाग बसविण्यात आले त्यांत रोग्यांची नोंदणी, भेटीच्या वेळा आणि बाह्यरुग्णांचे औषधालय यांचा समावेश होता. औषधालयाला हा अग्रमान मिळाला याचे कारण उघड आहे. फार्मासिस्ट मंडळी पहिल्यापासून प्रोग्रामरांच्या शेजारी बसलेली होती. आपल्याला काय हवे ते त्यांना सांगता येत होते आणि ऐकणारा माणूस हाकेच्या अंतरावर होता.

या शेजाराचे सर्वांत गोमटे फळ दहा वर्षांनी कॅन्सस राज्यातील टोपीका या गावी दिसले. तेथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात स्यू किनिक नावाची परिचारिका होती. १९९२ मध्ये एका प्रवासात तिने भाड्याची मोटार परत केली तेव्हा तेथील कारकुनाने हातातील लहानसे यंत्र मोटारीवरील काळ्या रेघांच्या खुणेवरून फिरविले आणि क्षणात सारा हिशेब केला. मोटारीची ओळख अशी पटविता येते, तर रोग्याची आणि त्याच्या औषधाची का पटविता येऊ नये, असा विचार तिच्या मनात आला. ती परतली आणि रुग्णालयातील फार्मासिस्ट व संगणकाची माणसे यांच्या साहाय्याने पुढील दोन-तीन वर्षांत तिने हा विचार प्रत्यक्षात उतरविला. रोग्याच्या मनगटावरील पट्टीवर बारकोड, औषधाच्या पुडीवर बारकोड. दोन्हींवरून यंत्र फिरवायचे, आणि माणूस, औषध, मात्रा व वेळ जुळली तरच ते होकार देते.

ऐकताना ही गोष्ट सोपी वाटते. परंतु तिच्यासाठी औषधालयाला काय करावे लागले ते पाहिले म्हणजे दोन विभागांच्या सहकार्याचा अर्थ कळतो. त्या काळी औषधे बनविणारे कारखाने एकेका गोळीच्या वेष्टनावर बारकोड छापीत नसत. म्हणून प्रत्येक गोळी औषधालयात नव्याने पुडीत घालून तिच्यावर खूण छापावी लागे. त्या खुणेमागचा औषधाचा क्रमांक संगणकाच्या यादीतील क्रमांकाशी तंतोतंत जुळावा लागे. नव्या कारखान्याची गोळी आली की यादीत नवी ओळ भरावी लागे, नाहीतर रात्री दोन वाजता वॉर्डातले यंत्र नकार देई आणि परिचारिका खोळंबून राही. यादी औषधालयाची, ती बसविलेले यंत्र संगणक विभागाचे. या दोघांतील एकानेही कामात कुचराई केली तर तिसऱ्याच्या हातातील यंत्र निरुपयोगी. टोपीकात हे जुळले. १९९३ शी तुलना करता २००१ मध्ये तेथील नोंदविलेल्या औषधचुका ८६ टक्क्यांनी घटल्याचे प्रसिद्ध झाले. १९९९-२००० मध्ये ही पद्धत माजी सैनिकांच्या देशभरच्या रुग्णालयांत नेण्यात आली आणि २००४ मध्ये अमेरिकन सरकारने औषध कारखान्यांनी बारकोड छापलाच पाहिजे असा नियम केला.

येथे बार्करचा जुना धडा आठवणे योग्य होईल. टोपीकातील आकडा नोंदविलेल्या चुकांचा होता, डोळ्यांनी पाहिलेल्या नव्हे. प्रत्यक्ष पाहणीचा पुरावा मिळाला तो २०१० मध्ये बॉस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयातून. वेळेच्या चुका सोडल्या तर औषध देण्यातील चुकांचे प्रमाण बारकोडमुळे ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आले, असे तेथे आढळले. म्हणजे पद्धत खरोखरच गुणकारी होती, पण ती जादूची कांडी नव्हती.

ती जादूची कांडी का नव्हती, याचे उत्तर वॉर्डात होते. २००२ मध्ये माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील पाहणीत असे दिसून आले की उशीर झालेल्या औषधाचे नाव काही वेळाने पडद्यावरून आपोआप नाहीसे होई आणि परिचारिका गोंधळात पडे. गर्दीच्या वेळी यंत्र जे मोजते तेच आधी उरकावे अशी वृत्तीही बळावे. २००८ मध्ये पाच रुग्णालयांच्या अभ्यासात रॉस कॉपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारकोड चुकवून काम भागविण्याचे १५ प्रकार आणि त्यांची ३१ कारणे नोंदविली. रोग्यांच्या पट्ट्यांच्या जादा प्रती दाराच्या चौकटीवर, गाड्यांवर, एवढेच काय, परिचारिकांच्या कमरेच्या कडीलाही लटकत होत्या! यात आळसाचा भाग थोडा. चुरगळलेली पुडी, फिकट छापलेली रेघ, बॅटरी संपलेले यंत्र, खूणच नसलेले औषध ही कारणे अधिक. त्यांतील काही औषधालयाच्या हातची, काही संगणक विभागाच्या हातची, आणि दोघांच्या मध्ये उभी असलेली परिचारिका आडवाट काढून रोग्याचे औषध वेळेवर पोहोचवीत होती.

कॉपेल यांच्याच २००५ मधील अभ्यासात याहून सूक्ष्म अशी एक गोष्ट सापडली होती. डॉक्टर ज्या पडद्यावर औषध निवडीत, त्यावर औषधालयात ज्या मापाच्या गोळ्या शिल्लक असतील त्यांची यादी दिसे. समजा, एखाद्या औषधाची नेहमीची मात्रा २० किंवा ३० मिलिग्रॅम आहे, पण सोयीसाठी औषधालयाने १० मिलिग्रॅमच्या गोळ्या ठेवल्या आहेत. फार्मासिस्टच्या लेखी ती कोठीची यादी. संगणकाच्या माणसाने ती जशीच्या तशी पडद्यावर आणली. तरुण डॉक्टरला वाटले की १० मिलिग्रॅम ही या औषधाची शास्त्रोक्त किमान मात्रा असली पाहिजे. खोटे कोणीच बोलले नव्हते. प्रत्येकाने आपापले काम चोख केले होते, आणि तरीही चिठ्ठी चुकत होती. एका खोलीतील वस्तुस्थिती दुसऱ्या खोलीत जाताना आपला अर्थ बदलून घेते, हे सांगणारा माणूस मध्ये कोणी नव्हता.

असा माणूस मध्ये नसला तर काय ओढवते याचे सर्वांत विदारक उदाहरण २०१३ च्या जुलैत सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठाच्या रुग्णालयात घडले. तेथील डॉक्टर रॉबर्ट वॉक्टर यांनी २०१५ मध्ये ग्रंथ लिहून ते जगापुढे निर्भीडपणे मांडले. सोळा वर्षांच्या एका मुलाला एका प्रतिजैविकाची १६० मिलिग्रॅमची एक गोळी द्यावयाची होती. मुलाचे वजन ३८.६ किलो. चाळीस किलोंपेक्षा कमी वजनाच्या मुलांची मात्रा किलोमागे मिलिग्रॅम अशी लिहिली पाहिजे, असा तेथील नियम होता. त्याप्रमाणे यंत्राने १९३ मिलिग्रॅम काढले. गोळी १६० ची, फरक पाच टक्क्यांहून अधिक. म्हणून नियमानुसार फार्मासिस्टने चिठ्ठी डॉक्टरकडे दुरुस्तीसाठी परत पाठविली. डॉक्टरने १६० हा आकडा भरला. शेजारच्या चौकटीत 'किलोमागे' हे शब्द तसेच राहिले आहेत, हे तिच्या ध्यानात आले नाही. यंत्राने इमानेइतबारे गुणाकार केला आणि एका गोळीच्या साडेअडतीस गोळ्या झाल्या.

यापुढची प्रत्येक पायरी विचारात घेण्याजोगी आहे. यंत्राने इशारा दिला होता. परंतु असे इशारे दिवसभर इतके येत, की डॉक्टर आणि फार्मासिस्ट दोघांनीही तो नेहमीच्या कोलाहलातील एक समजून पुढे ढकलला. कमाल मात्रेची मर्यादा घालून यंत्राला अडविता आले असते. पण संशोधनासाठी कित्येकदा असाधारण मात्रा द्याव्या लागतात, म्हणून ती मर्यादा मुद्दामच घातलेली नव्हती. औषधालयातील यंत्रमानवाने साडेअडतीस गोळ्या मुकाट्याने बांधून दिल्या. त्याच्या जागी माणूस असता तर इतक्या गोळ्या मोजताना त्याचा हात थबकला असता. परिचारिकेला त्या पाहून नवल वाटले. तिने बारकोडवरून यंत्र फिरविले. यंत्र म्हणाले, बरोबर! चिठ्ठी, औषध आणि रोगी यांचा मेळ खरोखरच बसत होता. चूक चिठ्ठीतच होती आणि तिच्यावर यंत्राचे शिक्कामोर्तब झाले. मुलाने गोळ्या घेतल्या, त्याला आकडी आली, श्वास थांबण्याची वेळ आली. सुदैवाने तो वाचला.

या घटनेत दोषी कोण, असा प्रश्न सहजच उद्भवतो. परंतु जरा खोलवर पाहिले तर पडद्यावरील ती लहानशी चौकट हेच या कथेचे मर्म आहे. तिच्यात कोणते परिमाण आधीपासून लिहिलेले असावे, हे कोणीतरी एकदा, प्रणाली बसविताना, बैठकीत ठरविले होते. ते ठरविण्यासाठी मुलांच्या मात्रांचे ज्ञान लागते, म्हणून तो औषधालयाचा प्रश्न. ते पडद्यावर कसे दिसेल, घाईत असलेला माणूस ते कसे वाचेल, हा संगणकाचा प्रश्न. दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच डोक्यात किंवा एकाच टेबलाभोवती आली पाहिजेत, हे या घटनेने लख्ख दाखवून दिले. म्हणूनच औषधशास्त्र शिकून नंतर संगणकाचे शिक्षण घेतलेला फार्मासिस्ट हा एक नवाच व्यावसायिक वर्ग अमेरिकेत उदयास आला. मोठ्या रुग्णालयांत त्याला स्वतंत्र प्रशिक्षण आणि स्वतंत्र पद मिळू लागले. दोन भाषा जाणणाऱ्या दुभाष्याचे मोल दरबारांना जसे पूर्वीपासून माहीत होते, तसे ते रुग्णालयांना कळून आले.

एकदा शिकलेला धडा पुन्हा विसरता येतो, हेही इतिहास दाखवितो. ज्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी प्रोग्रामर आणि फार्मासिस्ट यांना शेजारी बसविले होते, त्यांनी २०१८ मध्ये आपली जुनी, घरची प्रणाली सोडून बाहेरून विकत घेतलेली प्रणाली बसविण्याचा करार केला. जुनी प्रणाली खर्चिक आणि सांभाळण्यास अवघड झाली होती, हे कारण खोटे नव्हते. ऑक्टोबर २०२० मध्ये वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन येथे नवी प्रणाली सुरू झाली आणि एप्रिल २०२२ मध्ये ओहायोतील कोलंबस येथे. खात्याच्या महानिरीक्षकांनी मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात औषधालयाविषयीच्या गंभीर त्रुटी मांडल्या. नव्या प्रणालीकडून जुन्या प्रणालीकडे जाणाऱ्या माहितीत औषधांचे ओळखक्रमांक चुकीचे जात होते. त्यामुळे नव्या ठिकाणी औषध घेणारा माजी सैनिक जुन्या ठिकाणी उपचारांस गेला, तर तेथील यंत्राला त्याची औषधे किंवा त्याला वर्ज्य असलेली औषधे नीट कळत नसत. असा धोका संभवणाऱ्यांची संख्या सुमारे २,५०,००० धरण्यात आली. फार्मासिस्टांना यंत्राच्या उणिवा हाताने भरून काढाव्या लागल्या आणि कोलंबसला जादा फार्मासिस्ट नेमावे लागले. नवीन ठिकाणी प्रणाली बसविणे २०२३ च्या एप्रिलात थांबविण्यातही आले होते. चाळीस वर्षांपूर्वी जो प्रोग्रामर हाकेच्या अंतरावर होता, तो आता कराराच्या कागदांपलीकडे गेला होता.

भारतातही हे शेजारपण आता सुरू झाले आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेची 'ई-औषधी' ही प्रणाली महाराष्ट्र, राजस्थान अशा राज्यांत सरकारी औषधसाठ्याच्या नोंदींसाठी वापरात आली. १ ऑगस्ट २०२३ पासून बाजारातील प्रमुख ३०० औषधांच्या वेष्टनांवर यंत्राने वाचता येईल अशी क्यूआर खूण छापणे सक्तीचे झाले. या दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. मात्र साठ्याची नोंद आणि वेष्टनाची ओळख ही कोठीची कामे झाली. खाटेवरील माणसाची ओळख हा पुढचा टप्पा आहे. ज्या रुग्णालयात एकच फार्मासिस्ट खिडकीशी दीडशे माणसांची रांग आवरतो आणि संगणक बिघडला की जिल्ह्याच्या गावाहून माणूस येण्याची वाट पाहतो, तेथे तो टप्पा नुसते यंत्र विकत घेऊन गाठता येणार नाही. फिलाडेल्फियापासून टोपीकापर्यंत आणि सॅन फ्रान्सिस्कोपासून कोलंबसपर्यंतचा इतिहास याविषयी एकच साक्ष देतो. जेथे यादी करणारा आणि यंत्र चालविणारा रोज एकमेकांना भेटत होते, तेथे रोगी सुरक्षित राहिला. जेथे ते एकमेकांना केवळ कागदावर ओळखत होते, तेथे साडेअडतीस गोळ्या बिनबोभाट बांधल्या गेल्या.

सम्राट फ्रेडरिकने वैद्य आणि औषधविक्रेता यांना वेगळे केले, ते एकाची चूक दुसऱ्याला दिसावी म्हणून नव्हे, तर रोग्याची लूट होऊ नये म्हणून. परंतु एकाने लिहावे आणि दुसऱ्याने डोळसपणे वाचावे, ही रीत त्यातूनच रुजली. सातशे ऐंशीहून अधिक वर्षांनंतर चिठ्ठी पडद्यावर आली, पुडी यंत्रमानवाने बांधली, खूण रेघांनी वाचली. तरी ती रीत मात्र पाळावीच लागते. सकाळी परिचारिकेच्या हातून गोळी घेणाऱ्या माणसाला यांपैकी काहीच ठाऊक नसते. त्याला ते ठाऊक असण्याची गरज पडू नये, यासाठीच औषधालयाचे दार आणि संगणकाच्या खोलीचे दार एकमेकांसमोर उघडे असावे लागते.